शंभर मैलांचे दाणापाणी

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत दर उन्हाळ्यात टेव्हिस कप नावाची घोडदौड होते. पहाटे सव्वापाचला घोडे निघतात. शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची डोंगरवाट चोवीस तासांच्या आत संपवून त्यांना ऑबर्न गावी पोहोचायचे असते. वेंडेल रोबी यांनी १९५५ साली ही स्वारी सुरू केली. निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत जातात. बाद होणाऱ्यांत लंगडणारे सर्वांत जास्त असतात. त्यांच्या खालोखाल येतात ते पाय धड असलेले, पण शरीराचा कारभार बिघडलेले घोडे. त्यांची नाडी खाली येत नाही, आतडी गप्प पडलेली असतात आणि चिमटीत धरून सोडलेली कातडी तशीच उभी राहते. यांतल्या अनेकांची हकिकत सारखीच असते: वाटेत पाणी होते, गवतही होते, पण घोड्याने तोंड लावले नाही.

अंगातले पाणी आटलेले जनावर पाण्यापाशी उभे राहूनही पीत नाही, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. म्हणूनच या खेळातले लोक त्याच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळतात. घोड्याला चालत्या वाटेवर खायला-प्यायला शिकवता येते का? येत असेल तर कधी आणि कसे? शरीरशास्त्र, स्वारांचा अनुभव आणि खेळाचे नियम यांची उत्तरे निरनिराळ्या वाटांनी येतात, तरी बऱ्याच अंशी जुळतात. ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

महागात पडलेले धडे

१८९२ साली ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनी यांच्या लष्करी अधिकाऱ्यांत व्हिएन्ना आणि बर्लिन या शहरांदरम्यान सुमारे ५८० किलोमीटरची शर्यत लागली. एका बाजूचे व्हिएन्नाहून निघाले, दुसऱ्या बाजूचे बर्लिनहून. विजेत्या ऑस्ट्रियन स्वाराने तीन दिवसांच्या आसपास अंतर कापले. त्याचा घोडा मात्र त्यानंतर मेला. मेलेला तो एकटाच नव्हता. पुढची कित्येक वर्षे ही शर्यत घोड्याला कसे वागवू नये याचा दाखला म्हणून सांगितली गेली.

घोड्याचा जीव दाण्या-वैरणीच्या हिशेबावर टिकतो, ही जाण आपल्याकडे त्याच्या दोनशे वर्षे आधी कागदावर उतरली होती. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, हा त्यातला भाग सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्याच पत्रात घोड्यांविषयीही कडक ताकीद आहे. पावसाळ्याची बेगमी आताच उधळलीत तर पुढे दाणा-गवत मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. मजल-दरमजल करणाऱ्या घोडदळात चंदी आणि तोबरा यांना तलवारीइतकेच महत्त्व होते.

आजच्या खेळाची घडी गेल्या सत्तर वर्षांत बसली. ऑस्ट्रेलियातली टॉम क्विल्टी ही शंभर मैलांची दौड १९६६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या स्वारांची संघटना १९७२ साली उभी राहिली आणि 'पोहोचला तो जिंकला' अशा अर्थाचे ब्रीद तिने घेतले. सगळीकडे रचना सारखीच असते: टप्पे, टप्प्याअखेर पशुवैद्यांची तपासणी आणि मग सक्तीची विश्रांती. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० असते. तपासणीच्या ठिकाणी ती ठरावीक वेळात साधारण ६४ वर उतरली नाही, तर पुढची वाट बंद होते. पशुवैद्य हिरड्यांचा रंग पाहतात, घोडा दुडक्या चालीने पळवून पाहतात आणि पोटाच्या चारही भागांना स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात. वाटेत खाल्ले-प्यायले की नाही, हे घोड्याचे पोटच तिथे सांगते. स्वाराच्या सांगण्याला फारशी किंमत नसते.

तहान जागी का होत नाही

स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष चालण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्याचे घोड्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. कडक उन्हात आणि दमट हवेत घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. लांबच्या दौडीअखेर साडेचारशे किलोच्या घोड्याचे वजन २० किलोंहून जास्त उतरलेले दिसते, ते यामुळेच.

खरी मेख या घामाच्या घडणीत आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका असतो. त्यात पाणी जास्त जाते आणि मीठ कमी, त्यामुळे मागे उरलेले रक्त खारट होते. तो खारटपणा मेंदूला कळतो आणि आपल्याला तहान लागते. घोड्याच्या घामात क्षारांचे प्रमाण रक्ताइतके किंवा त्याहून जास्त असते. लिटरभर घामामागे सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम मिळून साधारण १० ग्रॅम क्षार निघून जातात. पाणी आणि मीठ बरोबरीने गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही आणि मेंदूला खबर पोहोचत नाही. शरीर सुकत जाते, पण घोड्याला आपण तहानलेले आहोत असे वाटतच नाही.

त्यात स्वभावाची भर पडते. घोडा हा कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी. पाण्यावर मान घालणे म्हणजे त्याच्या लेखी काही क्षण बेसावध होणे. भोवती अनोळखी घोडे, पुढे निघून जाणारी टोळी, परक्या वासाचे पाणी, न पाहिलेल्या रंगाची टोपली, यांतले काहीही त्याला न पिण्याला पुरते. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत अनेक घोडे पाण्याला तोंड लावत नाहीत. अनुभवी स्वार त्याने घाबरून जात नाहीत. मात्र त्यानंतरही घोडा प्यायला नाही, तर त्यांची काळजी सुरू होते.

पोटातले टाके

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, साधारण ८ ते १५ लिटरचे. मोठे आतडे आणि त्याच्या सुरुवातीची पिशवी मिळून मात्र शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. गवताचा चोथा तिथे भिजत, आंबत पडलेला असतो. हा ओला चोथा घोड्याचे पाण्याचे टाके आहे. दौडीत रक्तातले पाणी आणि क्षार कमी होऊ लागले की यातून भर पडत जाते. दाण्यावर पोसलेल्या घोड्यापेक्षा गवतावर पोसलेल्या घोड्याचा हा साठा मोठा असतो. शिवाय घोडा आपले बहुतेक पाणी खाण्याच्या वेळेच्या आगेमागेच पितो. घोड्याला प्यायला लावायचे असेल तर आधी खायला लावावे, हे अनुभवी स्वारांचे म्हणणे त्यामुळेच शास्त्रालाही धरून आहे.

खाण्याची दुसरीही कारणे आहेत. पळताना रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे आणि कातडीकडे वळते. आतडी मंदावतात, आणि फार मंदावली तर पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले वरच्या वाटेने बाहेर येत नाही. त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असते, पण ते शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. निसर्गात तो दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, तेव्हा हा हिशेब जमतो. उपाशीपोटी पाच-सहा तास दौडवले तर आम्ल जठराच्या वरच्या नाजूक अस्तरावर हिंदकळते आणि व्रण पडतात. लांब पल्ल्याच्या घोड्यांत असे व्रण सर्रास सापडतात.

काय खाऊ घालावे याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. आदल्या रात्री आणि पहाटे सुके गवत पोटभर द्यावे. दाण्याचे मोठे खाणे निघण्याआधी तीन-चार तासांच्या आत देऊ नये, कारण त्याने इन्सुलिन वाढते आणि चरबी जाळण्याची शरीराची तयारी दबते. लांबच्या संथ कामाला तर चरबीच जळायला हवी. वाटेत थोडे-थोडे, पण वरचेवर द्यावे: हिरवे गवत, भिजवलेले सुके गवत, गाजरे, सफरचंदे आणि पातळसर भिजवलेला कोंडा. अमेरिकेत आणि युरोपात साखरेच्या बीटचा वाळवलेला चोथा भिजवून देतात. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, म्हणून त्याच्याबरोबर न कळत पाणीही पोटात जाते. विश्रांतीच्या ठिकाणी जाणते सोबती चार-पाच प्रकार मांडून ठेवतात. पन्नासाव्या किलोमीटरला आवडीने खाल्लेल्या गोष्टीला शंभराव्या किलोमीटरला घोडा हुंगूनही पाहत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

सवय लावण्याचे काम

ही सगळी माहिती शर्यतीच्या दिवशी कामी येते ती आधीच्या महिन्यांत सवय लागली असेल तरच. निरनिराळ्या देशांतले स्वार सांगतात त्या रीतींत फरक आहेत, पण त्यांचा सांगाडा सारखा आहे.

सुरुवात तबेल्यात होते. शर्यतीत द्यायचा ओला कोंडा घोड्याला रोजच्या खाण्यातच ओळखीचा करून द्यायचा. पाणी कधी बादलीतून, कधी टबातून, कधी डबक्यातून पाजायचे, म्हणजे भांड्याचे आणि रंगाचे भय जाते. काही स्वार घरच्या पाण्यात काही आठवडे थोडी काकवी किंवा सफरचंदाचा रस मिसळतात. परक्या गावच्या पाण्यात तीच चव उतरली की घोड्याला ते आपले वाटते. रोजच्या खाण्यात मीठही लागते. घोड्यापुढे मिठाचा खडा असावा, आणि तो चाटत नसेल तर दाण्यात मीठ मिसळावे.

पुढचा टप्पा रपेटीचा. नियम साधा आहे: वाटेत पाणी आले की थांबायचे, घोडा पिवो वा न पिवो. लगाम सैल सोडायचा, जमल्यास खाली उतरायचे आणि वाट पाहायची. इथे स्वारांच्या हातून एक चूक वरचेवर होते. घोडा चार घोट घेऊन मान वर करतो, इकडेतिकडे पाहतो आणि पुन्हा पाण्यावर जातो. पहिल्यांदा मान वर झाली की 'झाले याचे' म्हणून टाच देणारा स्वार त्याला अर्धेच पाणी पाजून पुढे नेतो. जाणता स्वार मान दोनदा-तीनदा वर होऊ देतो. पिताना घोटागणिक घोड्याचे कान हलतात. त्यांवरून घोट मोजता येतात आणि घोडा खरोखर पितो आहे की नुसते ओठ भिजवतो आहे, हेही कळते.

सरावाची वाटही विचारपूर्वक आखावी लागते. पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावर, घोडा घामाघूम झालेला असताना ओढा किंवा हौद लागेल अशी वाट निवडली तर पहिल्यांदा पिण्याचा योग तिथे येतो. एकदा प्यायला की पुढच्या वेळी तीच जागा त्याला आठवते. शिकवण्याच्या नावाखाली मुद्दाम तहानलेला ठेवून बाहेर काढणे मात्र सपशेल चूक आहे. त्याने साठा रिकामा होतो आणि हाती काहीच लागत नाही.

संगतीचा उपयोग मोठा. पाण्याला सरावलेला एखादा थोराड घोडा सोबत असला की नवखा त्याचे पाहून तोंड घालतो. काही जण पाण्यापाशी ठरावीक आवाज काढतात. आपल्याकडे बैलाला पाणी पाजताना शेतकरी शीळ घालतो. रोजच्या सरावाने ती शीळ कानावर पडणे आणि पाणी पिणे यांची सांगड जनावराच्या मनात बसते. घोड्याच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

चरण्याच्या बाबतीत दोन तट आहेत. वाटेवर गवत ओरबाडू दिले तर घोडा बिघडतो, स्वाराचे ऐकेनासा होतो, असे जुन्या शिस्तीचे शिक्षक सांगतात. लांब पल्ल्याचे स्वार उलट म्हणतात की मिळेल तिथे घास घेणारा घोडाच शेवटपर्यंत जातो. तोडगा खुणेत आहे. लगाम मानेवर टाकून ठरलेला शब्द उच्चारला की चरायचे आणि लगाम उचलला की निघायचे. खुणेशिवाय घास घेऊ द्यायचा नाही, पण खूण दिली की मध्येच ओढायचेही नाही. काही आठवड्यांत घोड्याला हा करार समजतो. चालता चालता उंच गवताचा घास घ्यायलाही कित्येक घोडे शिकतात. तोंडात लोखंडी कडी असताना चघळणे अवघड जाते, म्हणून काही स्वार कडी नसलेला लगाम वापरतात, तर काही थांब्यावर झटकन सुटेल अशी कडी लावतात.

विश्रांतीच्या ठिकाणाचीही तालीम घरीच करता येते. लांब रपेट संपवून आले की जीन उतरवायचे, अंगावर पाणी मारायचे, पुढ्यात खाणे-पाणी ठेवायचे आणि पाऊण तास घोड्याला कुणी छेडायचे नाही. हा क्रम अंगवळणी पडलेला घोडा टेव्हिसच्या वाटेवर रॉबिन्सन फ्लॅट किंवा फॉरेस्टहिलच्या तासाभराच्या थांब्यावर माणसांच्या गर्दीतही खाली मान घालून खात उभा राहतो.

स्वारांचे आपसातले शिष्टाचारही यातूनच घडले आहेत. हौदावर दुसऱ्याचा घोडा पीत असताना आपला घोडा पुढे दामटायचा नाही, कारण सोबती निघाला की पिणारा मान उचलतो. घामट स्पंज सगळ्यांच्या हौदात बुडवायचा नाही. खारट, वास मारणारे पाणी मागून येणाऱ्यांनी प्यायचे कसे?

मिठाचा वाद

सर्वांत तीव्र मतभेद आहेत ते इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या मिश्रणावर. ते लगद्याच्या रूपात पिचकारीने घोड्याच्या तोंडात सोडतात. एका पक्षाचे म्हणणे असे की गेलेले क्षार भरून दिल्याशिवाय तहान जागी होणार नाही आणि प्यायलेले पाणी शरीरात टिकणार नाही. कॅल्शियम आणि क्लोराइड फार घटले तर घोड्याची पोटाजवळची बाजू हृदयाच्या ठोक्यागणिक उडू लागते. हे लक्षण अनेक स्वारांनी पाहिलेले आहे आणि ते दिसले की दौड तिथेच संपते. दुसरा पक्ष म्हणतो की न पिणाऱ्या घोड्याच्या पोटात घट्ट मीठ ओतले तर ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि घोडा आणखी सुकतो. घट्ट मिश्रण वारंवार दिल्याने जठरातले व्रण वाढतात, असेही प्रयोगांत दिसले आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांनी या वादात एक उपयोगी वाट दाखवली. दमलेल्या घोड्यांना पहिले पाणी ०.९ टक्के मिठाचे, म्हणजे रक्ताच्या खारटपणाइतके, आणि नंतर साधे दिले. नुसत्या साध्या पाण्यावर ठेवलेल्या घोड्यांपेक्षा त्यांचे शरीर लवकर भरून आले. कारण साध्या पाण्याचे पहिले घोट रक्त पातळ करतात आणि होती नव्हती ती तहानही विझवतात. पाण्याच्या तापमानाचीही तपासणी झाली. फार गार किंवा कोमट पाण्यापेक्षा २० अंश सेल्सियसच्या आसपासचे पाणी घोडे जास्त प्याले. अडचण एवढीच की घरी न चाखलेले खारट पाणी शर्यतीत घोडा हुंगून सोडून देतो. म्हणजे याचाही सराव आधीच हवा. व्यवहारात टिकणारा नियम असा: घोडा पीत असेल तर क्षार थोडे-थोडे, खाण्याबरोबर द्यावेत, पीत नसेल तर पिचकारी खाली ठेवावी आणि पशुवैद्याला बोलवावे.

एक जुनी भीती

तापलेल्या घोड्याला पाणी दिले तर त्याला पोटशूळ होतो, अंगावर गार पाणी मारले तर स्नायू आखडतात, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. आजच्या अभ्यासाने ही भीती खोटी ठरवली आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उष्ण आणि दमट हवेत घोड्यांवर खूप संशोधन झाले. भरपूर गार पाणी मारत राहणे सुरक्षित आणि परिणामकारक आहे, हे त्यातून पक्के झाले. दौडीदरम्यान तापलेल्या घोड्याला पिऊ द्यावे आणि पुढे चालते ठेवावे, यावर आता जाणकारांत एकमत आहे.

वेगाचा प्रश्न

घोडा कितीही शिकवलेला असो, वेग एका मर्यादेपलीकडे गेला की शिकवण निरुपयोगी होते. डोंगरातल्या टेव्हिसमध्ये जिंकणाऱ्यालाही रात्र होते. अरबस्तानातल्या सपाट वाळूवर मात्र तेवढेच अंतर ताशी २५ किलोमीटर आणि त्याहून जास्त सरासरीने कापले गेले आहे. त्या वेगात वाटेवरचे गवत, ओढा, वाट पाहणे यांना जागाच उरत नाही; सोबतच्या गाड्यांतून दिलेल्या बाटल्या घोड्याच्या अंगावर रित्या करत पळायचे, एवढेच उरते. घोड्यांच्या हालअपेष्टांवरून तक्रारी वाढल्यावर मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले होते. मंगोलियात २००९ पासून होणाऱ्या सुमारे हजार किलोमीटरच्या मोंगोल डर्बीने वेगळी वाट धरली. तिथे जुन्या डाकेप्रमाणे दर ३५-४० किलोमीटरला घोडा बदलतात, त्यामुळे स्वाराच्या सहनशक्तीची कसोटी लागते आणि घोड्याला वेळेवर कुरण मिळते.

निवाडा

उपलब्ध ज्ञान एकत्र ठेवले तर तीन गोष्टी ठाम म्हणता येतात. घोड्याच्या तहानेवर विसंबता येत नाही, कारण त्याच्या घामाची घडणच तिला झोपवून ठेवते. खाणे आणि पिणे वेगळे करता येत नाही. पोटात ओले गवत असलेला घोडा पाण्यासकट चालत असतो. आणि ही सवय शर्यतीच्या दिवशी लागत नाही, ती महिनोन्महिन्यांच्या संथ रपेटीत लागते. मिठाची मात्रा आणि वेळ यांवर मतभेद राहतील, ते घोड्यागणिक बदलणारेच आहेत. पण थांबण्याला पर्याय नाही, यावर शरीरशास्त्र आणि अनुभव या दोघांचे एकमत आहे.

आपल्याकडे शंभर मैलांची दौड करणारे थोडे असतील. माथेरानच्या चढावर दिवसभर पर्यटक वाहणारे, सारंगखेड्याच्या बाजारात लांबून चालत येणारे, उन्हाळ्यात वरातीत तासन् तास उभे राहणारे घोडे मात्र पुष्कळ आहेत आणि घाम त्यांचाही तसाच खारट आहे. ज्यांच्या हाती अशा घोड्याचा लगाम आहे त्यांनी एवढे तरी करावे: रोजच्या दाण्यात मीठ, कामाच्या दोन फेऱ्यांमध्ये गवताची पेंढी, आणि घोडा मागो न मागो, दर थांब्यावर पाण्याची बादली.